पारातीला जायचंय? आधी पंचांग उघडा

ब्राझीलच्या किनाऱ्यावर पाराती नावाचं एक जुनं पोर्तुगीज गाव आहे. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास तिथे भरतीचं पाणी गल्ल्यांत शिरतं. पांढऱ्या भिंती आणि निळी-पिवळी दारं त्या पाण्यात उलटी दिसायला लागतात, आणि थोड्या वेळाने सगळं ओसरून जातं. कोणी धावपळ करत नाही, दुकानदार दारात उभे राहून बघत असतात. समुद्राकडच्या गल्ल्या बांधतानाच मधोमध खोलगट ठेवल्या आहेत. समुद्राने आत यावं आणि जाताना रस्त्यावरची घाण घेऊन जावं, असा त्यामागचा हिशेब. घोड्या-खेचरांच्या काळातलं सफाई खातंच म्हणा ना.

आम्ही नोकरीनिमित्त तीन वर्षं साओ पाउलोत होतो. तेवढ्यात पारातीच्या पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या खेपेला काही न बघता गेलो. गल्ल्या कोरड्या ठाक, बोटीच्या दिवशी धो-धो पाऊस, आणि शेजारच्या त्रिंदाद गावातल्या ज्या समुद्रकुंडाचं एवढं नाव ऐकलं होतं तिथे पोहोचलो तर भरतीच्या लाटा खडकांवरून आत येत होत्या. तेव्हापासून भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी एकच क्रम सांगते: आधी तिथी, मग महिना, मग बोटीचा दिवस, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. हे गाव पाण्याच्या वेळापत्रकावर चालतं. आपण आपलं वेळापत्रक लादायला गेलो की फसतो.

तिथी आणि महिना

कालनिर्णयवरची पौर्णिमा ब्राझीलमध्येही पौर्णिमाच असते. आपण साडेआठ तास पुढे आहोत, म्हणून तारीख फार तर एका दिवसाने सरकते. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावस्या मुक्कामाच्या मध्यावर येईल असे चार-पाच दिवस धरा. मात्र तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपल्या कोळीवाड्यातला हिशेब मुंबईच्या किनाऱ्यापुरता आहे, तिथे चालत नाही. ब्राझीलचं नौदल बंदरांच्या भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतं. पारातीसाठी जवळचं बंदर म्हणजे आंग्रा दुस रेइस. 'ताबुआ दे मारेस' या शब्दांनी शोधलंत की तक्ता मिळतो. मुक्कामाच्या ठिकाणी विचारलंत तरी सांगतात.

मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, तिथला चढउतार त्या मानाने फारच कमी. म्हणून गल्लीतलं पाणीही सहसा घोट्यापर्यंतच. वारा समुद्राकडून असला तर जास्त, नसला तर एखादी पौर्णिमा कोरडीही जाते.

महिन्याचं गणित आपल्या उलट आहे. डिसेंबर ते मार्च हा उन्हाळा आणि तोच पावसाळा. दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. नाताळ-नववर्ष आणि कार्निव्हलमुळे गर्दी आणि भावही त्याच काळात चढलेले असतात. गाव डोंगर आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलंय, त्यामुळे दरडी हा किरकोळ विषय नाही. एप्रिल २०२२ मध्ये या भागात दरडी कोसळून माणसं दगावली. मे ते ऑगस्ट हवा कोरडी असते, आभाळ स्वच्छ, संध्याकाळी पातळ स्वेटर लागतो. समुद्र जरा गार, पण पाणी सगळ्यात नितळ तेव्हाच. माझं मत विचाराल तर मे किंवा जून.

दोन गोष्टींच्या तारखा मात्र आवर्जून तपासा. २००३ पासून इथे मोठा आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सव भरतो. तो कधी जुलै-ऑगस्टमध्ये असतो, कधी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत सरकतो. तेवढे दिवस गावात झोपायला जागा मिळणं कठीण. तुम्ही पुस्तकवेडे असाल तर मुद्दाम त्याच दिवसांत या, नसाल तर त्याच दिवसांत टाळा. दुसरा ईस्टरनंतर पन्नास दिवसांनी येणारा 'दिव्हिनू'चा सण. लाल निशाणं, मिरवणुका, गावजेवण, सगळं आपल्या जत्रेच्या अंगाने जाणारं. तो चुकवू नका.

कागदपत्रं, विशेषतः पिवळं कार्ड

भारतीय पासपोर्टला ब्राझीलचा व्हिसा लागतो. मुंबईत ब्राझीलचा वाणिज्य दूतावास आहे. कागदांची यादी तिथल्या संकेतस्थळावरूनच घ्या, एजंटच्या तोंडून नको.

खरी मेख पिवळ्या तापाच्या लशीत आहे. बरेच जण समजतात की ती ब्राझीलमध्ये शिरायला लागते. आपल्याला ती मुख्यतः परत भारतात शिरायला लागते. ब्राझीलहून येणाऱ्या माणसाकडे लशीचं प्रमाणपत्र, म्हणजेच पिवळं कार्ड, नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं, आणि एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे नंबर लागायला वेळ जातो, म्हणून निदान दीड महिना आधी मागे लागा. साठीच्या पुढच्या माणसांनी, गरोदर बायकांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं. माझ्या आईच्या बाबतीत हे आम्ही तिकीट काढल्यावर लक्षात आणलं आणि आठवडाभर झोप उडवून घेतली.

पोहोचायचं कसं

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे साओ पाउलो गाठता येतं, रिओसाठीही एक थांबा घेऊन जाणारी विमानं आहेत. पाराती या दोन महानगरांच्या साधारण मध्ये, रिओ-सांतोस महामार्गावर आहे. रिओपासून अंदाजे अडीचशे किलोमीटर.

रिओच्या 'नोव्हू रिओ' बसस्थानकातून 'कोस्ता व्हेर्दे' कंपनीच्या बसेस सुटतात, साडेचार-पाच तास लागतात. साओ पाउलोच्या 'चिएते' स्थानकातून सहा तास धरा. बसेस आपल्या शिवनेरीसारख्या. ऑनलाइन तिकीट काढताना सीपीएफ नावाचा स्थानिक क्रमांक मागतात आणि परदेशी माणूस तिथेच अडतो. पासपोर्ट घेऊन सरळ खिडकीवर जा. खिडकीत 'पाराची' असं ऐकू आलं तर गोंधळू नका, त्या बाजूची माणसं 'ती'चा उच्चार 'ची' करतात. नाव मूळचं तुपी भाषेतलं. पाराती हा तिथला एक मासा, आपल्या बोयीच्या गोतातला.

रिओहून येताना डाव्या बाजूची खिडकी मागा. समुद्र तुमच्या बाजूला येतो, उजवीकडे जंगलाने भरलेला डोंगर उभाच्या उभा. वाटेत आंग्राची अणुवीज केंद्रं दिसतात, ऐन हिरव्या किनाऱ्यावर. तो रस्ता झाला १९७० च्या दशकात. त्याआधी हे गाव जवळजवळ तुटलेलंच होतं, आणि म्हणूनच ते आहे तसं टिकलं. त्याबद्दल पुढे.

लगेच दुसरीकडे जायचं म्हणून एका रात्रीसाठी येऊ नका. चार रात्री हव्यात. त्यातला एक दिवस पावसाच्या नावाने सोडायचा.

मुक्काम

बसस्थानकापासून जुनं गाव चालत दहा मिनिटांवर. जुन्या गावात गाड्यांना बंदी आहे, गल्ल्यांच्या तोंडाशी साखळ्या लावलेल्या असतात. त्यामुळे तुमची चाकांची बॅग शेवटची दोनशे मीटर तुम्हालाच उचलायची आहे, कारण त्या दगडांवर चाक फिरत नाही. पाठीवरची सॅक आणा.

घरगुती हॉटेलांना तिथे 'पोझादा' म्हणतात, सकाळचा नाश्ता त्यातच धरलेला असतो. जुन्या गावातल्या पोझादा देखण्या आणि महाग, शनिवारी रात्री गाण्याबजावण्याचा आवाजही येतो. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर साखळीच्या लगेच बाहेरची पोझादा घ्या. टॅक्सी दारापर्यंत येते आणि चौक पाच मिनिटांवर राहतो. नदीपलीकडे पोंताल आणि जाबाक्वारा हे किनारे आहेत, तिथेही राहता येतं, पण 'किनाऱ्यालगत' या शब्दाला भुलू नका. गावालगतचं पाणी खाडीचं, गढूळ. पोहायचं तर बोटीने लांबच जायचं असतं.

न्हाणीघरातली एक गोष्ट आधी सांगून ठेवते. गरम पाण्यासाठी शॉवरच्या तोंडातच विजेची कॉइल बसवलेली असते आणि वरून वायर लोंबते. बघून छातीत धस्स होतं, पण अख्खा देश त्याखाली आंघोळ करतो. चालू असताना हात वर नेऊ नका, झालं. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. पाण्याची पिचकारी मात्र बऱ्याच ठिकाणी असते, त्या आघाडीवर आपले हाल होत नाहीत.

पहिला दिवस: फक्त चालायचं

पहिला दिवस बोटीला देऊ नका. पायात घट्ट बसणारे सपाट तळाचे सँडल घाला. उंच टाचा आणि गुळगुळीत चपला इथे घोटा मुरगळायचीच सोय. दगड मोठाले, वेडेवाकडे, पावसात निसरडे.

या फरसबंदीला 'पे दि मोलेकि' म्हणतात. शब्दशः 'पोराचा पाय', पण ते एका मिठाईचंही नाव आहे. ती मिठाई म्हणजे आपली शेंगदाण्याची चिक्की. उसाचा गूळ, शेंगदाणे, तसाच खडबडीत पृष्ठभाग. संध्याकाळी गल्ल्यांत लाकडी हातगाड्या येतात, त्यांवर ही चिक्की असते, शेजारी 'कोकादा' म्हणजे खोबऱ्याच्या वड्या, पांढऱ्या आणि जळक्या साखरेच्या तपकिरी. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "अगं, हे तर लोणावळ्याला मिळतं." यासाठी व्हिसा काढून इतक्या लांब आणलंस का, असं माझ्याकडे बघत होती.

चालताना मनात थोडा इतिहास असू द्या, नाहीतर दोन तासांत नुसती सुंदर दारं बघून कंटाळा येईल. १६६७ मध्ये पारातीला स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस आतल्या मिनास जेराइस भागात सोनं सापडलं आणि ते पोर्तुगालला न्यायला बंदर हवं होतं. डोंगरातून खेचरांचे तांडे सोनं घेऊन इथे उतरायचे आणि परत जाताना मीठ, कापड, अवजारं आणि गुलाम केलेली आफ्रिकी माणसं वर न्यायचे. ही सोन्याची जुनी वाट सुमारे सातशे किलोमीटरची. अठराव्या शतकात रिओला थेट जाणारी नवी वाट निघाली आणि पारातीचं महत्त्व ओसरलं. मग कॉफीने गावाला पुन्हा हात दिला. पण १८७७ मध्ये रिओ आणि साओ पाउलो रेल्वेने जोडले गेले, १८८८ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, आणि बंदर ओस पडलं. पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसेच उरले नाहीत. आज आपण ज्याला 'जतन' म्हणतो त्यातला बराच भाग म्हणजे शंभर वर्षांची गरिबी आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने पाराती आणि शेजारचं इल्या ग्रांदि बेट यांना संस्कृती आणि निसर्ग अशा दोन्हींसाठी जागतिक वारसा ठरवलं. ब्राझीलमधलं हे अशा प्रकारचं पहिलं स्थळ.

एवढ्याशा गावात चार चर्च आहेत आणि का आहेत ते कळलं की आपल्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. पाण्याकडे तोंड करून उभं असलेलं सांता रिता (१७२२) हे मुक्त झालेल्या मिश्रवर्णीयांचं. रोझारिउ (१७२५) गुलामांचं. दोरेस (१८००) वरच्या घरातल्या गोऱ्या बायकांचं. आणि मोठ्या चौकातलं मात्रिझ सगळ्या गावाचं मुख्य देऊळ, ते पुरं व्हायला १८७३ उजाडलं. देव एकच, रांगा वेगळ्या. सांता रितामध्ये आता धार्मिक कलेचं संग्रहालय आहे. गावाचं चित्रातलं रूप बघायचं तर सांता रिता समोर ठेवून धक्क्यावर उभं राहायचं, सकाळी लवकर, बोटींच्या गर्दीआधी.

घरांच्या कोपऱ्यांवर रंगवलेल्या किंवा दगडात कोरलेल्या भौमितिक आकृत्या दिसतील. त्या फ्रीमेसन नावाच्या गुप्त संघटनेच्या मंडळींच्या खुणा असं गाइड रंगवून सांगतात. ऐकायला मजा येते, किती मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

दुपारी नदी ओलांडून टेकडीवरचा किल्ला, 'फोर्ति देफेन्सोर पेर्पेतुउ'. १७०३ मधला, १८२२ मध्ये पुन्हा उभारलेला. रायगड-सिंधुदुर्ग बघितलेल्या माणसाला हा किल्ला म्हणवणार नाही. एक बैठं घर, काही तोफा, बास. पण वीस मिनिटांत वर पोहोचता आणि उपसागर दिसतो, त्यासाठी जायचं.

आणि रात्री, तक्त्यात भरती असेल तेव्हा, चपला हातात घेऊन धक्क्याकडच्या 'रुआ दा प्राया'वर या.

बोटीचा दिवस

उपसागरात साठहून जास्त बेटं आहेत. ती बघायचे दोन मार्ग.

पहिला 'एस्कुना', मोठी लाकडी बोट. सकाळी दहा-अकराला धक्क्यावरून निघते, पाच तास फिरवते, तीन-चार ठिकाणी थांबते. तिकीट माणशी. गाणी मोठ्याने लावलेली असतात, जेवण बोटीवर मिळतं पण त्याचे पैसे वेगळे. एकटे-दुकटे असाल किंवा पोहायला येत नसेल तर हीच बरी. तरंगायला फोमच्या नळ्या देतात, बोट हलत नाही, आणि ब्राझीलच्या आज्या ज्या उत्साहाने पाण्यात उड्या मारतात ते बघण्यासारखं असतं.

दुसरा मार्ग म्हणजे छोटी मच्छीमार बोट तासाच्या भावाने अख्खी घेणं. चार-सहा जण असाल तर माणशी फरक फारसा उरत नाही आणि तुम्ही एस्कुनांच्या वेळा चुकवू शकता. सगळी किमया त्यातच आहे. एस्कुना अकराला निघतात, तुम्ही नऊला निघा. भाव आदल्या संध्याकाळी धक्क्यावर ठरवा. ठरवताना चार गोष्टी बोलून घ्या: किती तास, इंधन त्यात धरलंय का, डायव्हिंगचे मास्क आहेत का, आणि माणशी एक लाइफ जॅकेट आहे का. जॅकेट डोळ्यांनी मोजा. एकदा आम्ही पाच जण आणि जॅकेटं तीन निघाली. धक्क्यावरच उतरलो, शेजारची बोट घेतली.

थांबे साधारण ठरलेले असतात. 'प्राया व्हेर्मेल्या' म्हणजे लाल किनारा. 'प्राया दा लुला', लुला म्हणजे माकूळ, कोकणातल्या माणसाला नाव लगेच लक्षात राहील. 'साकु दा व्हेल्या' ही आत वळलेली शांत खाडी. 'इल्या कोंप्रिदा' म्हणजे लांब बेट, इथे मास्क लावून मासे बघायचे. पाणी आपल्या तारकर्लीच्या चांगल्या दिवसापेक्षा हिरवं, लाटा जवळजवळ नाहीत. दोन दिवस पाऊस झाला असेल तर नद्यांचा गाळ येतो आणि काही दिसत नाही, तेव्हा बोट एक दिवस पुढे ढकला. सोडलेला जादा दिवस कामाला येतो तो असा.

बरोबर काय घ्यायचं: टोपी, सुका टॉवेल, पाणी, आणि किटकांचं औषध. 'बोर्राशुदु' नावाची बारीक काळी माशी असते, चावते तेव्हा कळत नाही आणि रात्रभर पाय खाजतात. कपड्यांचं टेन्शन घेऊ नका. आई पंजाबी ड्रेसमध्ये पाण्यात उतरली, कोणी वळूनही बघितलं नाही.

ममांगुआ: सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी

माझ्या पसंतीचा दिवस हाच. पारातीच्या दक्षिणेला समुद्र जमिनीत सुमारे आठ किलोमीटर आत शिरला आहे, दोन्हीकडे जंगलाचे डोंगर, टोकाला खारफुटी. हेच 'साकु दु ममांगुआ'. आपल्याकडची जयगडची खाडी डोळ्यांसमोर आणा आणि डोंगर दुप्पट जवळ ओढा.

गावातून सकाळची बस पकडून पाराती-मिरिंला जा, सतरा किलोमीटर. किनाऱ्यावर अठराव्या शतकातलं एकाकी चर्च आहे. तिथून बोट ठरवून 'प्राया दु क्रुझेइरु'ला उतरायचं आणि 'पाउं दि आसूकार' नावाच्या सुळक्यावर चढायचं. उंची चारशे मीटरच्या थोडी वर, वाट घनदाट झाडीतून, तास-दीड तासाची, खडी. राजमाची-हरिश्चंद्रगड करणाऱ्यांना फार वाटणार नाही, पण पाऊस झालेला असेल तर मुळं साबणासारखी होतात. माथ्यावर उघडा कातळ आहे आणि अख्खी खाडी पायाखाली. बोटवाल्याला परतीची वेळ नक्की सांगून ठेवा आणि अर्धे पैसे परतल्यावर द्या. मोबाइलला तिथे फारशी रेंज नसते.

किनाऱ्यावर राहणाऱ्या मच्छीमार समाजाला 'काइसारा' म्हणतात. त्यांच्या घरी जेवण मिळतं. 'आझुल मारिन्यु' सांगा: मासा आणि कच्ची केळी लोखंडी भांड्यात एकत्र शिजवतात, केळ्यामुळे रस्सा निळसर होतो. दिसायला विचित्र, खायला साधं आणि चांगलं.

त्रिंदाद

लाटांचा समुद्र हवा असेल तर त्रिंदाद. गावच्या बसस्थानकातून शहर बस मिळते, तासाभराच्या आत पोहोचवते. शेवटचा घाट इतका उभा आहे की त्याचं नावच 'देउस मि लिव्ह्रि', म्हणजे 'देवा, वाचव रे'. पहिला किनारा सेपिल्यु सर्फिंग करणाऱ्यांचा, तिथे पोहू नका. 'प्राया दु मेयु' कुटुंबांसाठी बरा. तिथून पुढे काशादासु किनारा आणि मग झाडीतून छोटी वाट नैसर्गिक कुंडाकडे जाते. प्रचंड धोंड्यांनी समुद्राचा एक तुकडा अडवला आहे आणि आत मासे पायांभोवती फिरतात. ओहोटीला जा, आठवड्याच्या मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी ते कुंड म्हणजे मे महिन्यातली महाबळेश्वरची बाजारपेठ.

डोंगराकडची अर्धी दुपार

आभाळ समुद्रावर रुसलं की कुन्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याने पेन्याला जा, शहर बस आहे. 'तोबोगां' नावाचा गुळगुळीत कातळ आहे, त्यावरून पाण्याबरोबर घसरत खालच्या डोहात पडायचं. स्थानिक पोरं उभ्याने घसरतात. तुम्ही बसूनच, आणि कोणीतरी दाखवलेल्या रेषेतच. वर डोंगरात पाऊस झाला की अचानक लोंढा येतो, पाणी गढूळ व्हायला लागलं की लगेच बाहेर. जवळच सोन्याच्या जुन्या वाटेचा राखून ठेवलेला तुकडा गाइडबरोबर चालता येतो. गुलामांनी बसवलेले दगड अजून जागेवर आहेत.

याच बाजूला उसाच्या दारूच्या भट्ट्या, 'अलांबिकि'. गोव्याला जशी काजूची फेणी तशी इथे ताज्या उसाच्या रसाची काशासा. एके काळी 'पाराती' हा शब्दच या दारूसाठी वापरला जायचा. २००७ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तांब्याची भांडी बघू देतात, घोट-घोट चाखायला देतात. लवंग-दालचिनीची 'गाब्रिएला' आणि संत्र्याच्या जातीतल्या झाडाची पानं घालून ऊर्ध्वपातन केलेली निळसर 'आझुलादा' या दोन इथल्या खास. न पिणाऱ्यांना रस्त्यावर उसाचा रस मिळतोच, 'काल्दु दि काना' म्हणायचं.

वेळ असेल तर महामार्गावरच्या 'किलोंबु दु कांपिन्यु'त जेवायला जा. तीन स्त्रियांपासून वाढलेली ही आफ्रिकी वंशजांची वस्ती. १९९९ मध्ये त्यांना जमिनीची सामूहिक मालकी मिळाली. आधी कळवून गेलात तर गावातलेच लोक सगळं दाखवतात. चर्चच्या भिंती बघून जी गोष्ट अर्धी कळते ती इथे पुरी होते.

शाकाहारी काय खाणार?

उपाशी राहणार नाही, पण सावध राहा. 'मी शाकाहारी आहे' एवढ्याने भागत नाही, कारण हॅम आणि कोंबडी यांना बरेच जण 'मांस' मोजतच नाहीत. एकेक नाव घेऊन सांगा: "सें कार्नि, सें फ्रांगु, सें पेशि, सें बेकन," म्हणजे मांस, कोंबडी, मासा, बेकन काही नको. भातावरची काळी-तांबडी घेवड्याची उसळ दिसायला आपली, पण तिच्यात डुकराचा तुकडा असू शकतो, विचाराच. शिंपडायला देतात ती 'फारोफा' म्हणजे भाजलेलं कसाव्याचं पीठ, त्यातही तेच.

सगळ्यात सोपं म्हणजे 'पोर किलु' खानावळ. थाळी आपण वाढून घ्यायची, वजनावर पैसे. भात, पालेभाजी, बीट, तळलेली केळी, माडासारख्या झाडाचा कोवळा गाभा 'पाल्मितु'. नाश्त्याला 'तापिओका' घ्या, कसाव्याच्या पिठाचं धिरडं, आत चीज किंवा खोबरं. आपला साबुदाणा त्याच कंदाचा. आईची चतुर्थी यावरच पार पडली. मासे खाणाऱ्यांनी 'कामारांव कझादिन्यु' मागवा, म्हणजे जोडीने बांधलेली, आत फारोफा भरलेली दोन मोठी कोळंबी. पारातीची ही खासियत.

भाषेची फार भीती बाळगू नका. इंग्रजी कमी चालतं, पण अर्धा बाजार आपल्या ओळखीचा निघतो: पांव, बताता, काजू, सबांव, बाल्दि, शावि, जनेला. पाव, बटाटा, काजू, साबण, बादली, चावी, आणि मालवणीतलं जनेल. काजूचं झाड तर ब्राझीलचंच, पोर्तुगिजांनी ते गोव्यात आणलं. बाजारात काजूची बोंडं दिसली आणि आईने भाव करायला सुरुवात केली, मराठीतच.

किरकोळ, पण अडवणारं

विजेचा दाब रिओ राज्यात बहुतेक १२७ व्होल्ट. मोबाइल-लॅपटॉप चालतात, भारतातली किटली तासभर पाणी कोमट करत बसते. आपल्या जाड पिनांचे प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, अडॅप्टर न्या. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण बोटवाला, शहर बस आणि मिठाईची गाडी यांच्यासाठी सुटे रेआल ठेवा. रात्री जुन्या गावात फिरायला हरकत नाही, बाहेरच्या अनोळखी वस्त्यांत मात्र नको. कुठे जायचं नाही ते पोझादावाल्याला पहिल्याच दिवशी विचारा.

परतीचं विमान बसच्याच दिवशी ठेवू नका. दरड पडली की महामार्ग तासन् तास बंद असतो. आदल्या रात्री महानगरात पोहोचा. काशासाच्या बाटल्या चेक-इन सामानात, माणशी दोन लिटरपर्यंत भारतात चालतात. पिवळं कार्ड मात्र हातातल्या पिशवीत. आमचं ते गेल्या वेळी बाटल्यांबरोबर बॅगेत गेलं होतं, आणि मुंबईला उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या टेबलापाशी आई खुर्चीवर बसून खोबऱ्याच्या वड्या वाटत होती, रांगेतल्या सगळ्यांना.